मास्कचं पत्रक लिहायचं कसं? सीमाभागातल्या नवख्यांसाठी

साथ आली की आधी वरून परिपत्रक येते, मग त्याला पुरवणी येते, आणि ती वाचून होईतो तालुक्याहून फोन येतो : "तुमच्या गावासाठी मास्कचं पत्रक करून द्या." हे काम बहुधा नुकत्याच रुजू झालेल्याच्या गळ्यात पडते. प्राथमिक आरोग्य केंद्रातला नवा डॉक्टर, पहिल्यांदाच निवडून आलेला पंचायत सदस्य, पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) हाताखालचा पदवीधर पोरगा, नाहीतर शाळेतल्या बाई. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कोविडच्या काळात बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात जे पाहायला मिळाले आणि त्याच काळात मास्कवर जगात जो अभ्यास झाला, त्याची ही गोळाबेरीज. पुढची साथ कसली असेल कोण जाणे, पण पत्रक लिहिण्याची रीत फारशी बदलणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. मास्कची सूचना हा त्या त्या वेळी, हाताशी असलेल्या माहितीवर घेतलेला निर्णय असतो. परिस्थिती बदलली की तो बदलतो, बदलायलाच हवा. पत्रकावर तारीख, कारण आणि फेरविचाराचा दिवस छापलेला नसेल, तर सूचना बदलल्यावर लोक म्हणतात, "काल एक सांगत होता, आज एक सांगालाय." आणि तिथून पुढे तुमचे कुणी ऐकत नाही.

आधी विचारा : हा रोग पसरतो कसा?

हसू नका. साथ म्हटली की मास्क, असे आता डोक्यात बसले आहे. पलीकडे दोडामार्ग तालुक्यात माकडतापाने माणसे दगावली, तो ताप गोचिडीतून येतो. तिथे मास्क बांधून काही होत नाही. डेंग्यूला मच्छर, पटकीला पाणी. खोकल्या-श्वासातून पसरणाऱ्या रोगांना मास्क कामाचा : फ्लू, कोविड, आणि आपल्याकडे बारमाही असलेला क्षय. आशाताईंना क्षयरोग्याच्या घरी मास्क समजावून सांगायची सवय असते, त्यामुळे पत्रक करताना त्यांना पहिल्या दिवसापासून शेजारी बसवा.

श्वासातून पसरतो म्हटल्यावर पुढचा प्रश्न : मोठ्या थेंबांतून, की हवेत तरंगत राहणाऱ्या बारीक कणांतूनही? कोविडच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचा भर थेंबांवर होता. बंद जागेत कण तरंगत राहतात आणि लांबच्यालाही लागण होऊ शकते, हे स्पष्टपणे मान्य व्हायला बराच वेळ गेला. पत्रकाच्या दृष्टीने या फरकाला मोल आहे. नुसते थेंब असतील तर अंतर ठेवले की बरेचसे भागते. कण तरंगत असतील तर कोंदट खोली हा खरा धोका ठरतो, आणि मग मास्कइतकीच खिडकीही पत्रकात यायला हवी. पावसाळ्यात खानापूरकडच्या एसटीच्या सगळ्या काचा बंद असतात, त्या बसमध्ये "सहा फूट अंतर ठेवा" असे लिहिणे म्हणजे लोकांची थट्टा.

आदेश कुणाचा, सल्ला कुणाचा

नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. मास्क सक्तीचा करणे, दंड ठरवणे, बाजार बंद ठेवणे हे कायद्याने ज्यांना अधिकार दिला त्यांचे काम. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. कर्नाटकाने २०२० मध्ये स्वतःचा साथरोग कायदाही केला. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश चालतो. तुमचे पत्रक त्या आदेशाच्या खालचे आहे. आदेशात जे नाही ते "सक्तीचे" म्हणून छापू नका, दंडाचा आकडा मनाने घालू नका. आदेशातला भाग वेगळा लिहा, तुमचा सल्ला वेगळा लिहा, आणि दोहोंमध्ये एक आडवी रेघ ओढा.

जुना साथरोग कायदा १८९७ चा. तो प्लेगच्या वेळी झाला, तेव्हा बेळगावही मुंबई इलाख्यातच होते. त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, ती कशावरून हे मराठी माणसाला सांगायला नको. रोग हटवायचा म्हणून घरात शिरून केलेली दांडगाई लोक पिढ्यान् पिढ्या विसरत नाहीत. पत्रक लिहिताना हे मनाच्या कोपऱ्यात असू द्या.

पुरावा किती वाचायचा

सगळा वाचू नका, जमणारही नाही. पण चार गोष्टी माहीत असाव्यात, कारण गावातला एखादा तरी तरुण मोबाइल पुढे करून विचारणारच : "मास्कनं काही होत नाही म्हणतात की हो, हे बघा."

पहिली गोष्ट, मास्क दोन कामे करतो. घालणाऱ्याच्या तोंडातून बाहेर जाणारे अडवतो आणि बाहेरून आत येणारे थोडेफार रोखतो. साध्या कापडी मास्कचे पहिले काम बरे, दुसरे बेताचे. म्हणून "मी एकट्याने घातला तर काय होणार?" हा प्रश्न खुळा नाही, त्याचे उत्तर पत्रकात द्यावे लागते.

दुसरी गोष्ट, डेन्मार्कमधला अभ्यास. २०२० मध्ये सुमारे सहा हजार लोकांवर झाला. मास्क घालायला सांगितलेल्या गटात १.८ टक्के जणांना लागण झाली, दुसऱ्या गटात २.१ टक्के. फरक इतका लहान की त्यावरून हो किंवा नाही, काहीच ठामपणे म्हणता येत नव्हते. शिवाय त्यात फक्त घालणाऱ्याचे रक्षण मोजले होते. त्याच्यापासून इतरांना किती कमी लागण झाली हे मोजलेच नव्हते.

तिसरा अभ्यास आपल्याला सगळ्यात जवळचा, बांगलादेशातला. सहाशे गावे, सव्वातीन लाखांवर प्रौढ माणसे, काळ २०२० च्या अखेरीपासून २०२१ च्या एप्रिलपर्यंतचा. निम्म्या गावांत घरोघर फुकट मास्क दिले, बाजारात आणि मशिदीत माणसे उभी करून आठवण करून दिली, इमाम आणि गावातल्या वजनदार माणसांना स्वतः मास्क घालायला लावले. नीट मास्क घालणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. लक्षणे असून रक्ततपासणीतही लागण दिसली, अशा माणसांचे प्रमाण त्या गावांत साधारण ९ टक्क्यांनी कमी निघाले. तीनपदरी सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत ११ टक्क्यांनी, आणि तिथल्या साठीपुढच्या लोकांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा मात्र तितका स्पष्ट दिसला नाही. माझ्या मते सीमाभागात पत्रक लिहिणाऱ्याने एकच अभ्यास वाचायचा तर हा वाचावा. गावे आपल्यासारखी, घरे आपल्यासारखी, बाजारही आपल्यासारखाच.

चौथी गोष्ट, २०२३ च्या जानेवारीत कॉक्रेन या संस्थेने अशा चाचण्यांचा एकत्र आढावा काढला आणि "मास्क निरुपयोगी ठरले" असा बोभाटा झाला. संस्थेच्या मुख्य संपादकांना मार्चमध्ये खुलासा करावा लागला : मास्क घालायला प्रोत्साहन देण्याच्या मोहिमांनी संसर्ग कमी होतो का, हे आढाव्यात तपासले होते, आणि उत्तर अनिर्णित आले. लोकांनी मास्क घातलाच नाही, तर मोहीम फसते. त्यावरून कापडाबद्दल काही सिद्ध होत नाही.

एवढे वाचून पत्रकात काय येते? एक ओळ : "मास्कने धोका कमी होतो, संपत नाही." "मास्क घाला, कोरोनाला हरवा" असली घोषणा लिहिलीत तर मास्क घालून आजारी पडलेला पहिला माणूस तुमचे पत्रक फाडणार.

आणि टंचाई असेल तर टंचाई म्हणा. २०२० च्या सुरुवातीला जगभर मास्क कमी पडत होते, डॉक्टर-नर्सनाच मिळत नव्हते. ६ एप्रिलच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेत निरोगी माणसांनी सर्रास मास्क घालण्याला पाठिंबा नव्हता; ५ जूनला ती बदलली आणि लागण पसरलेल्या भागात, अंतर राखता येत नाही तिथे कापडी मास्क वापरा असे आले. आपल्या केंद्र सरकारने तर एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात घरी केलेले मास्क घालायला सांगितले होते. गोंधळ उडाला तो दोन कारणे एकात कालवल्यामुळे. "दवाखान्यात कमी पडताहेत, सध्या तिकडे राहू द्या" हे लोकांना समजते. "तुम्हाला उपयोग नाही" असे सांगून दोन महिन्यांनी "घाला" म्हटले की समजत नाही.

गावाची यादी करा

आता कागद घ्या आणि आपल्या हद्दीत माणसे दाटीने, बंद जागेत, बराच वेळ एकत्र कुठे असतात ते लिहा. दाटी, बंद जागा, वेळ. तिन्ही एकत्र आले तिथे मास्क आधी. या कामाला दुपार लागली तरी चालेल. पत्रकाचा जीव इथे आहे.

निपाणीत तंबाखूच्या वखारी येतील. बेळगावात वडगाव, शहापूर, खासबागकडचे यंत्रमाग. मागाच्या खडखडाटात माणूस कानाशी तोंड नेऊन ओरडतो, म्हणजे नेमके जे टाळायचे तेच. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीपाशी मास्क टिकणार नाही, पण जेवणाच्या सुट्टीत दाटीने बसतात तिथे जागा बदलता येईल. वडापची, म्हणजे माणसे कोंबून नेणारी, जीप, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्या, दूध डेअरीची सकाळची रांग, रेशन दुकान, भजनाची खोली, गणपती मंडळाचा मांडव, मयताचे घर. शेवटचे विसरू नका. कोविडात रडायला जमलेली माणसे घरी जाताना लागण घेऊन गेली, असे गावोगाव झाले.

त्याचबरोबर जिथे मास्क नको तेही लिहा. मोकळ्या शिवारात भाताची रोपलावण करणाऱ्या बाईला, एकट्याने मोटारसायकल चालवणाऱ्याला, उन्हात ऊस तोडणाऱ्याला मास्कचा फारसा उपयोग नाही आणि जाच मात्र पुरेपूर. नको तिथे सक्ती केली की हवी तिथलीही जाते.

वखारीचे उदाहरण जरा जवळून पाहा. तंबाखू चाळताना भुकटी उडते, ठसका लागतो, म्हणून बायका नाकातोंडावरून पदर नाहीतर फडके घट्ट बांधतात. "तोंडाला बांधतोच की आम्ही, त्यात नवीन काय सांगालाय?" असे त्या म्हणतील, आणि ते खरेच आहे. त्यांना मास्कची सवय लावायची गरज नाही. गरज आहे ती जेवणाच्या वेळी फडके सोडून सगळ्या जणी एका कोपऱ्यात डबे उघडतात आणि पाण्याच्या पिंपाभोवती जमतात, त्या वेळेची. शिवाय सकाळपासून भुकटीने भरलेले फडके घामाने भिजते, त्याच्या जागी दुपारी दुसरे स्वच्छ हवे. म्हणजे वखारीच्या पत्रकात दोन ओळी पुरतात : जेवण दोन पाळ्यांत, बाहेर ओट्यावर, आणि पिशवीत दुसरा मास्क. बाकी मजकूर त्यांच्यासाठी फुकट. मालकाला वेगळे पत्र द्या, कारण पाळ्या लावणे बायकांच्या हातात नाही.

कोणता मास्क, कुणाला नको

इथे थोडक्यात. दवाखान्यात काम करणारे आणि घरात रुग्णाची सेवा करणारे यांना, मिळत असेल तर, एन-९५. तो नीट बसला तर अगदी बारीक कणही ९५ टक्के गाळतो. पुढे झडप असलेला नको, त्यातून घालणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर पडतो. जुलै २०२० मध्ये केंद्राने त्याविरुद्ध राज्यांना कळवले होते. म्हातारी माणसे, मधुमेही, दम्याचे रुग्ण यांना गर्दीत जावेच लागले तर तीनपदरी सर्जिकल. बाकीच्यांना तोही चालेल, नाही मिळाला तर तीन पदरांचा कापडी. एकपदरी रुमाल आणि सैल ओढणी यांच्यावर भरवसा ठेवू नये. नाक उघडे राहिले तर मास्क कुठलाही असो, उपयोग नाही.

कापडी मास्क रोज साबणाने धुऊन वाळवायचा. सर्जिकल मास्क धुवायचा नाही. ओला झाला, मळला की टाकायचा. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात हे वाक्य ठळक छापा, भिजलेल्या मास्कातून श्वास घेणे जड जाते आणि माणूस तो हनुवटीवर ओढतो. टाकताना कापून, कागदी पिशवीत तीन दिवस ठेवून मग सुक्या कचऱ्यात. कोविडात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घरगुती मास्कसाठी हेच सांगितले होते.

पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको. ज्याला स्वतःच्या हाताने काढता येत नाही अशा कुणालाही नको. धाप लागेल असे कष्टाचे काम किंवा पळणे-खेळणे चालू असताना नको. ओठ पाहून बोलणे समजून घेणाऱ्या बहिऱ्या माणसाशी बोलताना लांब उभे राहून मास्क खाली घ्यायची मुभा लिहा. याची दखल कुणी घेत नाही, म्हणून आवर्जून.

सीमेपलीकडचा कागद मागवा

आता आपल्याकडची खरी गुंतागुंत. पुण्याच्या पत्रक लिहिणाऱ्याला हा त्रास नाही.

निपाणीचा माणूस कागलला कामाला, कागवाडचा मिरजेला दवाखान्यात, चंदगडचा शिनोळीवरून बेळगावच्या बाजारात, खानापूरचा चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला. लेक दिली पलीकडे, शेत अलीकडे. फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल लागू लागला आणि कोगनोळीच्या नाक्यावर रांगा लागल्या. मास्कचेही तसेच. महाराष्ट्राने २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, निर्बंध उठवले आणि मास्क ऐच्छिक केला. त्याच महिन्याच्या अखेरीस कर्नाटकाने सार्वजनिक ठिकाणी मास्क पुन्हा आवश्यक केला, दंड मात्र ठेवला नाही. एकाच घरातला मोठा भाऊ कोल्हापुरात मास्कविना हिंडत होता आणि धाकट्याला बेळगावात तो घालायचा होता. दोघांपैकी कुणाचेही चुकत नव्हते.

म्हणून लिहायला बसण्याआधी तीन फोन करा. एक आपल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक पलीकडच्या तालुक्यातल्या त्याच पदावरच्या माणसाला, एक वायव्य कर्नाटक परिवहनच्या जवळच्या आगारात. पलीकडचा आदेश मागवून शेजारी ठेवा आणि जिथे फरक आहे तेवढाच पत्रकात एका चौकटीत घ्या : "शिनोळीच्या अलीकडे हा नियम, पलीकडे हा." दोन्हीकडे चालेल असा सल्ला सुचवायचा तर जिकडचा नियम कडक तो दोन्हीकडे पाळा, हे सगळ्यात सोपे. कुणाचे राज्य शहाणे याची चर्चा पत्रकात करू नका. तिला पारावर भरपूर जागा आहे.

भाषेचेही तेच. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे केंद्राचे जुने धोरण आहे आणि त्यावरून इकडे किती वर्षे भांडण चालू आहे ते सर्वांना ठाऊक. तुम्ही भांडण आरोग्याच्या कागदावर आणू नका. एकाच कागदावर कन्नड आणि मराठी, दोन्हींची अक्षरे सारख्या आकाराची; जिथे उर्दू वाचणारे आहेत तिथे तीही. आणि कन्नड मजकूर मोबाइलच्या भाषांतरावर सोडू नका. कन्नड बोलणाऱ्या आशाताईंना मुद्दे सांगा, त्यांना त्यांच्या बोलण्यात लिहू द्या.

लिहा, आणि एका म्हाताऱ्या माणसाला द्या

कच्चा मसुदा झाला की तो साहेबांकडे नेण्याआधी गावातल्या एखाद्या आजीला नाहीतर आजोबांना द्या. वाचता येत नसेल तर एकदाच वाचून दाखवा. मग "समजलं का?" असे विचारू नका, कारण उत्तर "हो" हेच येणार. विचारा, "मग आता नातवाच्या बारशाला जाताना काय करणार?" सरकारी मसुद्यांत "सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी वापरणे अनिवार्य" असे असते. आजीच्या लेखी सार्वजनिक ठिकाण म्हणजे बसस्टँड आणि कचेरी. बारसे घरचे असते, तिथे कशाला मास्क? लागण मात्र बारशातच होते. म्हणून ठिकाणांची नावे घ्या.

खाली एक नमुना देतो. काल्पनिक गाव, खोकल्यातून पसरणारी साथ, लागण वाढत आहे असे धरून.

> मास्क कधी, कुठे, कुणी
> तारीख : … पुढचा फेरविचार : पंधरा दिवसांनी, … तारखेला
>
> सरकारी आदेश : बस, बाजार आणि कचेरीत मास्क सक्तीचा आहे. (आदेश क्रमांक व तारीख)
> ———
> पंचायत आणि आरोग्य केंद्राचा सल्ला :
> खोकला, ताप, सर्दी असेल तर घरीच राहा. दवाखान्यात जाताना आणि घरात माणसांजवळ असताना मास्क घाला.
> वडाप, डेअरी, रेशनची रांग, लग्न, बारसे, भजन, मयत : इथे सगळ्यांनी मास्क घाला. खिडक्या-दारे उघडी ठेवा.
> शेतात, मोकळ्या रस्त्यावर, एकट्याने असताना मास्कची गरज नाही.
> पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना घालू नका.
> साठीपुढच्या माणसांसाठी तीनपदरी मास्क आशाताईंकडे फुकट मिळेल.
> कारण : हा रोग लक्षणे दिसण्याआधीही दुसऱ्याला लागू शकतो. मास्कने धोका कमी होतो, संपत नाही.
> अजून नक्की माहीत नाही : लहान मुलांना तो किती जोरात होतो. कळले की याच फळ्यावर लावू.
> शंका असेल तर : आरोग्य केंद्राचा फोन …

"अजून नक्की माहीत नाही" ही ओळ पाहून वरिष्ठ हमखास म्हणतील की याने लोक घाबरतील, ही काढा. काढू नका. निदान एकदा तरी भांडा. पुढे माहिती बदलली की याच ओळीमुळे तुमची पत राहते. "लक्षणे दिसण्याआधीही" हे शब्द मात्र त्या त्या रोगाला खरे आहेत का ते डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय छापू नका. कोविडला ते लागू होते, प्रत्येक रोगाला होतीलच असे नाही.

वाटा, घाला, मोजा

नुसते पत्रक चिकटवून मास्क चढत नाही. बांगलादेशात मोबाइलवर पाठवलेल्या आठवणीच्या संदेशांनी काही वाढ झाली नाही, गावाला बक्षीस देऊन झाली नाही. फुकट मास्क हातात देणे, तोंडावर सांगणे आणि गावातल्या मोठ्या माणसांनी स्वतः घालणे, या सगळ्यांनी मिळून झाली. पंचायतीकडे पैसे थोडे असतील तर पाट्या कमी लावा, मास्क जास्त घ्या. शिवायचे असतील तर गावातल्या स्त्रीशक्ती गटांना द्या, पण कापडाचे पदर मोजून घ्या.

मोठ्या माणसांचे अवघड आहे. बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला झाली, ऐन दुसऱ्या लाटेत. आणि ती लागली होती तीही केंद्रीय राज्यमंत्री सुरेश अंगडी कोविडनेच गेल्यामुळे. प्रचाराच्या गर्दीचे फोटो एकीकडे आणि मास्क नाही म्हणून अडवलेला दूधवाला दुसरीकडे, असे चित्र लोक पाहतात तेव्हा पत्रकाची किंमत त्यांनी मनातल्या मनात ठरवलेली असते. तुमच्या हातात एवढेच आहे की अध्यक्ष, पुजारी, मौलवी आणि हेडमास्तर यांना पत्रक आधी द्यायचे, मास्कसकट. ते घालणार नसतील तर त्यांचा फोटो पत्रकावर नको.

दंडाचा मला फारसा भरवसा नाही. कर्नाटकाने २०२० च्या ऑक्टोबरच्या तोंडावर मास्कचा दंड शहरात हजार आणि इतरत्र पाचशे रुपये केला, ओरड झाली, काही दिवसांतच तो अडीचशे आणि शंभरावर आणावा लागला. ज्याची दिवसाची मजुरी तीनशे, त्याला पाचशेचा दंड म्हणजे बाजारात येऊच नको असे सांगणे.

मोजणी मात्र करा, ती सोपी आहे. आठवडी बाजारात एक जागा ठरवा, दर आठवड्याला त्याच वेळी तिथे उभे राहा आणि समोरून जाणारी पहिली शंभर मोठी माणसे पाहा : नाक-तोंड झाकलेली किती, हनुवटीवर किती, नाहीच किती. तीन रकाने पुरे. पोलीस उभा असेल त्या कोपऱ्यावर मोजू नका, आकडा फुगतो. हनुवटीवाले वाढले तर समजा की मास्क लोकांकडे आहे पण जाच होतोय. मग कापड, वेळ किंवा जागा बदलायची. नाहीवाले वाढले तर एकतर मास्क मिळत नाही, नाहीतर लोकांना आता धोका वाटत नाही. कोणते ते विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून पाच-सहा जणांना थांबवून विचारा. ओरडायचे नाही, वहीत लिहायचे.

मागे घेणे

सूचना सुरू करताना ती कधी संपेल हेही ठरवा, नाहीतर ती कुणी संपवतच नाही. लागण किती आठवडे उतरती राहिली, दवाखान्यात खाटा रिकाम्या झाल्या का, लस आली का, वरचा आदेश उठला का, यांपैकी कोणत्या खुणेवर काय सैल करायचे ते आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांबरोबर बसून आधीच लिहून ठेवा. सगळे एकदम उठवायची गरज नसते. मोकळ्या बाजारातली सक्ती आधी जाते, बंद खोलीतला सल्ला थोडा मागे राहतो, दवाखान्यातला मास्क सगळ्यात शेवटी. खोकला असलेल्याने मास्क घालावा, ही ओळ तर साथ गेल्यावरही ठेवायला हरकत नाही. क्षयासाठी ती तशीही लागते.

फेरविचाराच्या तारखेला काहीच बदल नसेल, तरी "आज पाहिले, बदल नाही" असे लिहून नवी तारीख टाका. आणि नवे पत्रक लावायला जाणाऱ्यालाच जुने काढायला सांगा, दोन्ही भाषांतले. पंचायतीच्या फळ्यावरचे, डेअरीच्या भिंतीवरचे आणि बसथांब्याच्या खांबावरचेसुद्धा.